खिडकीवर चिकटवलेली उत्तरं

आमच्या अप्पांना हवेतलं सगळं कळत होतं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच कळत होतं. धारवाडच्या एका हायस्कुलात ते विज्ञान शिकवायचे, आणि त्या काळी विज्ञानाच्या मास्तरांना गावात डॉक्टरच्या खालोखाल मान असे. पृथ्वीभोवती हवेचं पांघरूण आहे, त्यातली निम्मी हवा खालच्या साडेतीन मैलांतच दाटलेली आहे, वर चढावं तशी थंडी वाढत जाते आणि आठ-दहा मैलांवर गेलं की ती वाढायची थांबते, हे सगळं ते जेवताना, दाढी करताना, सुपारी कातरताना आम्हाला सांगायचे. आणि याच माणसानं स्वतःच्या हातानं खळ शिजवून स्वतःच्या मुलीच्या खोलीतली हवा बंद केली. माझे केस पिकले, अप्पा जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, पण हे आठवलं की माझी कानशिलं अजून तापतात. तापू देत. काही गोष्टींवर राग निवता कामा नये असं माझं मत आहे.

घरात आम्ही चौघं. अप्पा, त्यांची थोरली विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी अक्का, आणि मी. आई नव्हती. मी पाच वर्षांची असताना ती बाळंतपणात गेली आणि चार दिवसांचं बाळही तिच्याबरोबर गेलं. ती कशी गेली हे धारवाडात आमच्या ओळखीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण आत्या ते आल्यागेल्याला सांगायची.

"वारा घेतला हो तिनं. सगळी सांगत होती, बाई, खिडकीशी जाऊ नको. बाहेर ही झड लागलेली, आणि ही बाजेवरनं उठून, लेकरू घेऊन, खिडकीशी जाऊन बसली. हट्टी होती ना! आपण गेली ती गेली, पोरालाही घेऊन गेली."

पाहुणे चुकचुकत. अप्पा तिथेच खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले असत. ते पान उलटत.

आई मला फारशी आठवत नाही. तिचा एक जांभळा पदर आठवतो आणि लिंबाच्या लोणच्याचा वास. पण तिचा हट्टीपणा मात्र मला तोंडपाठ होता, कारण तो अक्काच्या निमित्तानं रोज निघायचा. अक्का मोठ्यानं हसली, भराभरा चालली, ताटात भाजी टाकली, की आत्या म्हणायची, "आईवर गेलीयस. तशीच जाशील एक दिवस." अकरा वर्षांच्या पोरीला असं म्हणायचं! अक्का मग परसात जाऊन धुण्याच्या दगडावर उगाचच कपडे आपटत राहायची.

आमच्या मुलींच्या शाळेत शिवण होतं, गाणं होतं, विज्ञान नव्हतं. मुलींना हवेचं काय करायचंय, असं ठरवणाऱ्यांना वाटलं असावं. श्वास तर त्या न शिकवताच घेतात. त्यामुळे विज्ञान आम्ही घरीच शिकलो, तेही अप्पांच्या हौसेपायी. आईची लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी त्यांनी एकदा स्वयंपाकघरातून उचलली. परातीत पाणी घेतलं, मधोमध मेणबत्ती लावली आणि वर बरणी पालथी घातली. ज्योत आधी पिवळी झाली, मग बारीक झाली, मग गेली, आणि पाणी बरणीत वर चढलं. "पाच भागांतला एक भाग प्राणवायू," अप्पा म्हणाले. "तो ज्योतीनं खाल्ला. उरला तो नत्रवायू, आणि ज्योतीनं सोडलेला दूषित वायू. आता यात उंदीर ठेवला तर तोही मरेल." मेणबत्तीत चरबी असते म्हणून आत्यानं ती बरणी परत घरात घेतली नाही. ती कायमची अप्पांच्या टेबलावर गेली.

ऊन हवेला तापवत नाही, हेही तिथेच कळलं. ऊन हवेतून नुसतं निघून जातं, जमिनीला तापवतं, आणि जमीन मग हवेला खालून तापवते, तव्यावरची भाकरी खालून भाजते तशी. म्हणून डोंगरावर सूर्य जवळ असूनही गार. म्हणून हुबळीची काळी माती ऊन पिऊन बसते आणि तिथे धारवाडपेक्षा जास्त उकडतं. अक्कानं लगेच विचारलं होतं, "मग अप्पा, दुपारी आपल्या माळ्यावर का भाजून निघतं? माळा तर वरच आहे की." अप्पा खूश झाले. वरची कौलं हीच माळ्याची जमीन, ती तापतात, शिवाय खालची गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि कौलाखाली अडकते, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. अक्काचे प्रश्न त्यांना आवडायचे. त्यांची एक लकब होती. उत्तर ठाऊक असलं की प्रश्न संपायच्या आत ते बोलून मोकळे होत. ठाऊक नसलं की चष्मा काढत, उपरण्याच्या टोकानं पुसत बसत, आणि म्हणत, "बघून सांगतो." आम्ही दोघी मुद्दाम अवघड प्रश्न विचारून चष्मा काढायला लावायचो. तो आमचा खेळच होता.

अक्काचं लग्न हुबळीत झालं. कमरीपेठेतलं सुताचा व्यापार करणारं घर, माणसं खाऊनपिऊन सुखी, सासू करडी पण वाईट नव्हे. एकोणीसशे तीस सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट असेल. पहिलटकरीण म्हणून अक्का आषाढात आमच्याकडे आली. धारवाडचा श्रावण ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं की तिथे पाऊस कोसळत नाही, तो नुसता भुरभुरत राहतो. भिंती घामेजतात, वाळत घातलेलं धोतर वाळतच नाही. अशा दिवसांत बाळंतिणीची खोली म्हणजे माजघरामागची, परसाकडे एकच खिडकी असलेली अंधारी खोली. त्याच खोलीत आई गेली होती.

"मागच्यासारखं नको व्हायला," आत्या म्हणाली. "यंदा एक फट राहता कामा नये."

मास्तरांच्या घरात जुन्या उत्तरपत्रिकांना मरण नसतं. आमच्याकडे त्यांच्या पुड्या होत, त्या फडताळात अंथरल्या जात, दिव्याची काच त्यांनीच पुसली जाई. अप्पांनी मराठी वर्गांच्या पेपरांचा एक गठ्ठा काढला, कणकेची खळ शिजवली, आणि खिडकीची दारं लावून प्रत्येक फटीवर, चौकटीच्या चारी बाजूंनी, कागदावर कागद चिकटवायला घेतले. मी त्यांना एकेक कागद देत होते. देता देता वाचत होते. पहिलाच प्रश्न होता, हवेचे घटक कोणते ते सांगून त्यांचं प्रमाण लिहा. पोरांनी लिहिलं होतं, एक भाग, चार भाग. अप्पांनी लाल पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा केल्या होत्या.

मी विचारलं, "अप्पा, बाजेखाली शेगडी असणार ना? मग हे बरणीसारखं नाही का होणार?"

अप्पांचा ब्रश थांबला. मग ते म्हणाले, "बाळंतिणीचं बायकांना कळतं." आणि पुढचा कागद मागितला.

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

अक्काला मुलगी झाली. सुवेर लागलं, म्हणजे दहा दिवस त्या खोलीत आमच्यापैकी कुणी जायचं नाही, अक्काला शिवायचं नाही. सकाळ-संध्याकाळ सुईण यायची, कानडी बोलणारी, हातानं चलाख आणि बोलायला फटकळ. ती न्हाऊ-माखू घालायची, ओव्या-शेपाची धुरी द्यायची, शेगडीत नवे कोळसे भरायची आणि जाताना न चुकता बजावायची, "किडकी मुच्चरी, गाळी बरतैति." खिडकी बंद ठेवा, वारा येतोय. ती खिडकी आता उघडायची म्हटली तर आधी अर्धी शाळा सोलून काढावी लागली असती. जेवणाचं ताट आत्या उंबऱ्यावर ठेवायची आणि दाराला बाहेरून कडी लावायची, मांजर जाऊ नये म्हणून आणि अर्थात वारा जाऊ नये म्हणून.

मी दाराच्या फटीशी बसून अक्काशी गप्पा मारायची. तिला आत दुसरा उद्योग नव्हता, म्हणून ती खिडकीवरचे पेपर वाचायची. "एका पोरानं लिहिलंय बघ," ती आतून म्हणाली, "हवेशिवाय माणूस थोडा वेळ जगू शकतो. अप्पांनी 'थोडा'खाली रेघ मारून लिहिलंय, किती ते स्पष्ट लिहा." आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "डोकं फार ठणकतंय गं. उठलं की गरगरतं." मी आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, बाळंतिणीचं डोकं दुखतंच. मी अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, आत्याला सांग.

सटवी पुजून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शाळा अर्धी होती, मी दुपारी घरी आले. दुपटी वाळेनात म्हणून सुईणीनं त्या दिवशी शेगडी काठोकाठ भरून ठेवली होती. आत्या पुढच्या खोलीत माळ ओढता ओढता पेंगत होती. मी दाराशी जाऊन अक्काला हाक मारली. उत्तर नाही. झोपली असेल म्हणून मी परत फिरले, आणि मग लक्षात आलं की बाळाचाही आवाज नाही. सहा-सात दिवसांचं पोर, काहीतरी कुईकुई करतंच. मी पुन्हा हाक मारली, दार वाजवलं, आणि कडी काढली.

धूर नव्हता. लोकांना वाटतं अशा वेळी धूर असतो. नुसती ऊब होती, जड, गोडसर, तोंडावर ओलं पांघरूण टाकावं तशी. बाज रिकामी होती. अक्का खिडकीखाली गुडघ्यांवर कोसळली होती, डोकं चौकटीला टेकलेलं, चेहरा ताप चढल्यासारखा लालबुंद. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातले कागद तिनं नखांनी खरवडून काढले होते. दोन बोटांएवढी फट झाली होती. त्या फटीशी तिनं बाळाचं तोंड धरलं होतं. हात निसटला होता, पण बाळ तिच्या दंडात आणि भिंतीत अडकून तिथेच राहिलं होतं.

मी बाळाला उचलून पडवीत ठेवलं आणि अक्काला काखेत हात घालून ओढत नेलं. उंबऱ्यावर तिची टाच सोलवटली. आवाजानं आत्या आली. तिचे पहिले शब्द काय होते सांगू? "शिवलीस की गं! सुवेरात शिवलीस!" आणि दुसरे, "आत ने तिला, वारा लागेल, वारा!" मी आयुष्यात पहिल्यांदा आत्याला "गप बस" म्हटलं. एकेरीवर येऊन, ओरडून. बाळ रडलं तेव्हा मी पण रडले. अक्कानं डोळे उघडले आणि भडाभडा ओकली.

तेवढ्यात अप्पा आले. हातात छत्री, छत्रीतून पाणी गळतंय. त्यांनी अक्काकडे पाहिलं, दारातून आत शेगडीकडे पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. कुणाला काही विचारलं नाही. जोड्यांसकट आत गेले, धोतराच्या सोग्यानं शेगडी धरून परसात नेली आणि पावसात ओतली. मग परत जाऊन खिडकीवरचे सगळे कागद ओरबाडून काढले आणि दारं सताड उघडली. बाळाला आणि अक्काला आत जाऊ दिलं नाही, तास दीड तास पडवीतच ठेवलं. काय झालं होतं ते त्यांना पाहताक्षणी कळलं होतं. मला वाटलं, चला, आता अप्पा बोलतील.

आत्या कपाळ बडवत होती. "आईसारखीच हो! तशीच खिडकीशी गेली लेकरू घेऊन! रक्तातच आहे!"

अप्पा म्हणाले, "आता बोलू नकोस. तिला पडू दे."

बस्स. एवढंच. कागद कुणी लावले, शेगडीनं काय केलं, पोरीनं खिडकीशी जाऊन आपला आणि लेकराचा जीव कसा वाचवला, यातलं एक अक्षर नाही. मी वाट पाहिली. संध्याकाळी पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली. विज्ञानाच्या मास्तरांच्या तोंडाला कुलूप.

सुवेर फिटल्यावर मी अक्काजवळ बसायला लागले. एका सकाळी ती आपल्या बोटांकडे बघत म्हणाली, "आईच्या नखांत पण असेच कागद होते गं. तिला न्हाऊ घालताना मी पाहिले होते. मला तेव्हा वाटलं, ही कागद का फाडत होती?" त्या सकाळपासून आत्या आईची गोष्ट सांगायला लागली की मी उठून जायची, आणि अप्पांनी पान उलटल्याचा आवाज आला की मला ते वर्तमानपत्र त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावंसं वाटायचं.

आत्याची गोष्ट अक्काच्या आधीच कमरीपेठेत पोचली. हुबळी-धारवाड असं अंतर ते काय! अक्का लेकरू घेऊन सासरी गेली तेव्हा सासूनं बाळ उतरवून घेतलं ते आपल्याचकडे ठेवलं. पाजायला म्हणून आणून देत, पाजून झालं की परत नेत. "जिला वाऱ्याची भीती नाही तिच्या हाती लेकरू कसं सोपवायचं?" हा त्यांचा मुद्दा. आई तशी गेली, भाऊ तसा गेला, आता लेक तसं करायला निघाली होती. कोणतीही सासू घाबरली असती, मी तिला दोष देत नाही. अक्काची मुलगी रात्री पलीकडच्या खोलीत रडायची आणि अक्का इकडे दूध दाटून कुशी बदलत असायची. दिवाळीला आली तेव्हा ती हे मला सांगताना रडली नाही. नुसती वाती वळत राहिली, नको इतक्या.

मी अप्पांना म्हटलं, "तुम्ही हुबळीला जा आणि तिच्या सासूबाईंना सांगा काय झालं ते. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"व्याह्यांच्या घरात असलं काही बोलायचं नसतं," अप्पा म्हणाले. "होईल हळूहळू सगळं ठीक."

पुढच्या वैशाखात हुबळीत व्याख्यानमाला होती आणि त्यात अप्पांचं व्याख्यान होतं. विषय, आपल्या डोक्यावरचं वातावरण. कोप्पीकर रोडच्या मागे एका वाचनालयाचा पत्र्याचा हॉल होता. संध्याकाळ झाली तरी पत्रा तापलेला. वकील, मास्तर, कचेरीतली माणसं, पेठेतले व्यापारी असे पुरुष समोर बाकांवर. बायका एका बाजूला सतरंजीवर. मी अप्पांबरोबर गाडीनं गेले होते, बरणी माझ्या मांडीवर होती. अक्का सासूबरोबर आली होती. नऊ महिन्यांची मुलगी सासूच्या मांडीवर होती.

अप्पा काय बोलले म्हणून सांगू! मला राग आहे म्हणून खोटं कशाला लिहू, ते फार सुंदर बोलले. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहणारे जीव आहोत, म्हणाले. वर जावं तशी हवा विरळ होते, शिखरावर चढलेल्या माणसाला पावलागणिक धाप लागते. डोक्यावरच्या तापल्या पत्र्याकडे बोट दाखवून त्यांनी हवा खालून कशी तापते ते समजावलं आणि हुबळीच्या काळ्या मातीवर विनोद केला. मग परातीत पाणी घेतलं, मेणबत्ती लावली, वर बरणी पालथी घातली. सगळा हॉल मान उंच करून बघत होता. ज्योत गेली तेव्हा मागच्या बाकावरनं कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

"आता आपल्याच भागातल्या एका घरातली हकीकत सांगतो," अप्पा म्हणाले.

मी वळून अक्काकडे पाहिलं.

त्यांनी सांगितली. बाळंतिणीची खोली, बाजेखाली शेगडी, खिडकीच्या फटी कागदानं बुजवलेल्या. हवा आत येणार कुठून? प्राणवायू कमी होत गेला, कोळशांतून विषारी वायू निघत राहिला, त्याला ना रंग ना वास. बाई बेशुद्ध पडली. सुदैवानं वेळेवर दार उघडलं म्हणून वाचली. "आणि हे कुणी केलं? शत्रूनं नव्हे! घरातल्याच अडाणी बायकांनी, मायेपोटी! खिडकी म्हणजे यांना भूत वाटतं." लोक हसले. "आता सांगा, आपण इथे कितीही व्याख्यानं दिली तरी माजघरात जाऊन बायकांना समजावणार कोण?" लोक अजून हसले, टाळ्या झाल्या. बायकांच्या बाजूलाही दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या.

बाळंतिणीचं बायकांना कळतं! मला उभं राहून ओरडायचं होतं की खळ कुणी शिजवली ते विचारा. ब्रश कुणाच्या हातात होता ते विचारा. लाल पेन्सिल कुणाची होती! पण मी पंधरा वर्षांची होते आणि भरल्या सभेत बाई बोललेली मी कधी पाहिली नव्हती.

अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, कुणाला काही शंका?

अक्का उभी राहिली. सासूनं तिचा पदर खाली ओढला, तिनं तो हळूच सोडवून घेतला. बाकांवरची डोकी एकेक करून वळली. अध्यक्ष काहीतरी म्हणणार होते, पण अक्का आमच्या घरी विचारायची तशीच, साध्या आवाजात बोलायला लागली होती.

"अप्पा, एक विचारायचंय. त्याच खोलीत त्याआधी एक बाळंतीण गेली होती. खिडकीला असेच कागद होते, अशीच शेगडी होती. सगळे म्हणतात, तिनं हट्टानं वारा घेतला. ती लेकरू घेऊन खिडकीशी कशाला गेली होती?"

"श्वास घ्यायला," अप्पा म्हणाले.

मग त्यांना कळलं आपण काय बोललो. त्यांचा हात बरणीवर होता तो तसाच राहिला. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. ती बाळंतीण कोण हे निम्म्या लोकांना कळलं नसेल, पण सासूला कळलं. तिनं अक्काकडे पाहिलं, व्यासपीठावरच्या आपल्या व्याह्यांकडे पाहिलं, मग मांडीवरचं लेकरू उचललं आणि उभ्या असलेल्या अक्काच्या हातात दिलं. ते पुन्हा कधी मागितलं नाही.

पुढे अप्पांनी आत्याला घरात ती गोष्ट सांगू दिली नाही. आमच्या आणि ओळखीपाळखीच्या कितीतरी घरांतल्या खिडक्या त्यांनी उघडायला लावल्या, हेही खरं आहे. लोक मला त्यांचं कौतुक सांगतात आणि मी ऐकून घेते. पण मी त्या संध्याकाळी पुढच्या रांगेत बसले होते आणि माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर होती. दहा वर्षं आमच्या आईला त्यांच्यादेखत हट्टी म्हटलं गेलं, दहा वर्षं ते पान उलटत राहिले, आणि अक्कानं प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी चष्मा काढला नाही.